पश्चिमेकडील वारा

आमच्या किनाऱ्यावर वारा जिथून येतो तिथलं नाव त्याला असतं. समुद्रावरून आला तर तो पश्चिमेचा, डोंगरावरून उतरला तर मतलई. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मतलई पहाटे वाहते, ऊन चढलं की पडते, आणि मग दुपारपासून दिवेलागणीपर्यंत पश्चिमेचा वारा गावात येतो. होड्या, वाळत घातलेली मासळी आणि दोरीवरचे कपडे यांचं वेळापत्रक त्यावर चालतं. घाटावर वाऱ्याला इतका मान नसावा. तिथे तो एकतर सुटलेला असतो किंवा पडलेला. हा फरक एका सरकारी आदेशात शिरला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

माझ्या थोरल्या बहिणीचं घर गावात समुद्राला सगळ्यात जवळचं. घरापुढे तिची वाडी, वाडीपलीकडे सुरूची झाडं, मग पुळण. मी मुंबईत बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो, आणि ताईच्याच आग्रहाने तिच्या पडक्या गोठ्याच्या जागी दोन खोल्या बांधून राहिलो. तिचे यजमान आधीच गेले होते. मुलगा पनवेलला. आम्ही दोघं भावंडं सकाळचा चहा तिच्याकडे आणि संध्याकाळचा माझ्याकडे घ्यायचो. माझा चहा तिला कधी आवडला नाही, पण वाऱ्याला बसायला माझा ओटा बरा म्हणून ती यायची.

दोन हजार वीसच्या वादळात तिच्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. माड काही उरले, पोफळ एकही नाही. पंचनामा करायला आलेल्या माणसाने तिला विचारलं, "आजी, नुकसान किती?" ती म्हणाली, "जे दिसत नाही ते सगळं." पुढच्या पावसात तिने दिवेआगरहून रोपं आणवली आणि नव्याने लावली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. शेजारच्यांनी, या वयात कशाला, असं सुचवून पाहिलं. "झाडाला माझं वय कुठे माहीत आहे," ती म्हणाली. त्या पोफळींना पहिली पोय फुटलेली बघायची आणि मग काय व्हायचं ते होऊ दे, एवढाच तिचा पुढचा बेत होता. पोय म्हणजे सुपारीचा फुलोरा. तो आला की झाड लागतं झालं.

अडचण तिच्या छातीची होती. तरुणपणी चुलीपुढे गेलेली वर्षं तिथे जमा झाली होती. अलिबागच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की औषध मी देतो, धूर तुम्ही टाळा. गॅस आल्यापासून धूर टाळणं तिला सोपं होतं. मग गावाला भट्टी आली.

आमचं गाव तोवर गावच होतं. त्याची नगरपंचायत झाली आणि पाठोपाठ कचराही शहरासारखा झाला. शनिवार-रविवारी पर्यटक यायचे आणि सोमवारी त्यांच्या पत्रावळ्या, बाटल्या आणि लहान मुलांचे लंगोट गावात राहायचे. पूर्वी हे सगळं सुरूच्या कडेला टाकून देत. तिथेच आता कचरा जाळायची भट्टी उभी राहिली. समुद्राच्या इतकं जवळ असं काही बांधता येत नाही, असं मी ऐकून होतो. पण कागदावर समुद्र तिथून बराच लांब निघाला. दुसरी अट अशी होती म्हणे, की चिमणी आसपासच्या झाडांहून उंच हवी. ती अट वादळाने आमच्या वतीने आधीच पुरी करून ठेवली होती.

उद्‌घाटनाला मोठे नेते आले. भट्टीला झेंडूचे हार घातले, श्रीफळ वाढवलं, आणि नेत्यांनी मशाल पेटवून आत टाकली. आत कापूर आणि कोऱ्या कागदांची रद्दी रचली होती. त्यामुळे पहिला धूर पांढरा आणि सुवासिक निघाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेते म्हणाले, हे तंत्रज्ञान परदेशात वापरतात. परदेशात ते कशासाठी वापरतात आणि किती दिवस, हे कुणी विचारलं नाही. फेट्यांचा कार्यक्रम लांबला होता आणि जेवणाची वेळ झाली होती.

ताईने हे सगळं वाडीच्या कुंपणापासून पाहिलं. "चिमणी म्हणतात का हिला?" तिने विचारलं. "आमची चिमणी रॉकेलची होती. रोज संध्याकाळी मी राख लावून तिची काच पुसायची. हिची काजळी कोण पुसणार?"

पुसायचा प्रश्न लवकरच आला. भट्टी कधीही पेटायची. ज्या दिवशी पहाटे पेटायची त्या दिवशी मतलई धूर घेऊन समुद्रावर जायची आणि गावाला पत्ताही लागायचा नाही. दुपारी पेटली की तो सरळ ताईच्या पडवीत यायचा. जळक्या प्लास्टिकचा वास उशांना लागायचा. पाण्याच्या हंड्यावर, पोफळीच्या पानांवर काळे कण बसायचे. ताई ओल्या फडक्याने खिडक्यांच्या फटी बंद करून आत बसायची. खोकल्याची उबळ आली की आधी मला हाताने थांब म्हणायची, आणि ओसरल्यावर जिथे थांबली होती तिथून वाक्य पुढे सुरू करायची. वाक्याचा धागा ती कधी सोडत नसे.

पनवेलहून भाचा येऊन गेला. चांगला मुलगा. "आई, तू चल," म्हणाला. "डॉक्टर पाच मिनिटांवर आहेत, लिफ्ट आहे, सगळं आहे."

"सगळं आहे तर मी कशाला हवी?"

"मामा, तुम्ही तरी सांगा हिला."

मी म्हणालो, "तक्रारी गेल्यात. सुनावणी होणार आहे. तेवढी होऊ दे."

शेवटी असं ठरलं की सुनावणीत काही झालं तर ताई राहील, नाही झालं तर जाईल. ताईने ते कबूल केलं. आपल्याला कुठे जायला लागणार नाही याची तिला खात्री असावी. सरकारवर तिचा माझ्याहून जास्त विश्वास होता. ती बँकेत नव्हती.

सुनावणी समाजमंदिरात झाली. धुराविषयीच्या सुनावणीची सुरुवात दीपप्रज्वलनाने झाली. वर पंखा चालू होता म्हणून समई पेटेना. पंखा बंद केल्यावर पेटली, मग लोकांना उकडायला लागलं म्हणून पंखा पुन्हा लावला, आणि ती विझली. नगराध्यक्ष बोलले. विकास म्हटला की थोडी झळ सोसावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचा बंगला हमरस्त्यापलीकडे, डोंगराच्या बाजूला होता.

जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेले साहेब मात्र वेगळे होते. तरुण होते, घाटावरचे, अजून ऐकून घ्यायची सवय सुटली नव्हती. त्यांनी हार खुर्चीवर ठेवला, स्वतः उभे राहिले, आणि ज्यांना त्रास होतो त्यांनीच बोलावं असं सांगितलं. ताई उठली.

"मला त्यातलं बाकी काही कळत नाही," ती म्हणाली. "दुपारी मी दार लावते ते दिवे लागेपर्यंत उघडत नाही. माझं घर समुद्रावर आहे हो. ते दार लावून बसायला नाही बांधलेलं."

साहेबांनी वही बाजूला ठेवली. "सकाळीसुद्धा त्रास होतो का?"

"सकाळी धूर समुद्रावर जातो. सकाळी कशाला होईल?"

मग सगळेच एकदम बोलायला लागले. कुणी मतलई समजावून सांगत होतं, कुणी हाताने दिशा दाखवत होतं. मागून एक कोळीण ओरडून म्हणाली, "सायेब, येक दीस दुपारचे जेवाय या ना आमचेकडं, मंग काय सांगायची गरजच न्हाय." लोक हसले, साहेबही हसले. शेवटी ते म्हणाले की भट्टी बंद करणं माझ्या हातात नाही, पण ती कधी पेटवायची ही अट मी घालू शकतो. वारा समुद्राकडे वाहत असेल तेव्हाच पेटवायची. चालेल?

चालेल, असं सगळं समाजमंदिर म्हणालं. मला त्या माणसाविषयी आदर वाटला. सरकारी माणसाविषयी तसं वाटण्याची सवय नसल्याने थोडं अवघडल्यासारखंही झालं.

आदेश आला तो नगरपंचायतीच्या फलकावर लावला गेला. कचरा वेगळा करावा, रबर जाळू नये, अमुक करावं, तमुक करू नये, आणि शेवटी ती अट. "पश्चीमेकडील वारा वाहत असतानाच सदर भट्टी प्रज्वलित करण्यात यावी." 'श्ची'ची वेलांटी दीर्घ होती. ती मला खुपली, पण अशा वेळी वेलांटीकडे बघू नये एवढं भान मला होतं. ताईने चष्मा लावून दोनदा वाचलं. "झालं एकदाचं," म्हणाली. येताना तिने कोपऱ्यावरून भजी घेतली.

फलकापुढे उभे असलेले आम्ही सगळे सुनावणीला हजर होतो. साहेबांना काय म्हणायचं होतं ते आम्हाला माहीत होतं, म्हणून तेच तिथे लिहिलं आहे असं आम्ही वाचलं. भट्टीचा मुकादम सुनावणीला नव्हता. त्या दिवशी तो कचरा जाळत होता. त्याच्याकडे आदेशाची प्रत आली तेव्हा त्याने तिथे जे लिहिलं होतं ते वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळ स्वच्छ गेली. ताईने सगळी दारं उघडी टाकली, गाद्या उन्हात घातल्या. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला आणि त्याच्या मागोमाग धूर आला. पूर्वी कधी यायचा, कधी चुकायचा. आता रोज ठरल्या वेळी येऊ लागला.

मी भट्टीवर गेलो. मुकादम आमच्याच गावचा, आगरी, माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान. कामाचा चोख. भट्टीशेजारी त्याने बांबू रोवून त्याला लाल फडकं बांधलं होतं. फडकं गावाच्या दिशेने ताठ उभं होतं.

"काय भाऊ, आज इकडं?" त्याने विचारलं.

"ही आत्ता का पेटवलीस?"

"वारा आला म्हनून. सकालधरनं वाट बघतोय. हे फडकं त्येच्याचसाठी बांधलंय." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"अरे, सगळा धूर गावात जातोय."

"त्यो मनाबी दिसतोय."

"मग?"

त्याने बाजूला बसायला रिकामा डबा दिला. "भाऊ, तुमी शिकलेलं हाव. पश्चिमेकडचा वारा म्हंजे कुटचा?"

या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला त्या प्रश्नाला एकच उत्तर देता येतं.

"समुद्रावरचा," मी म्हणालो.

"मंग मी काय चुकलो?"

"पण त्यांना पश्चिमेकडे जाणारा म्हणायचं होतं."

"म्हनायचं व्हतं तं लिवायचं व्हतं. मागं येकदा मी आपल्या मनानं भट्टी इझवली, वास येतोय म्हनून. नोटीस आली मना. आता मी मन वापरत न्हाय." त्याने धूर जात होता तिकडे मान केली. "माजी म्हातारीपन तिकडंच रातेय, भाऊ. तुमच्या ताईच्या मागल्या आळीत. ती मना रोज शिव्या देतेय. मी तिला आदेश दाखवला."

"मग काय म्हणाली?"

"म्हनाली, तुजे सायबाला वारा कलत न्हाय आनि तुला आई कलत न्हाय."

मी परत आलो तेव्हा ताईने दाराच्या फटीतून विचारलं, "काय म्हणाला?"

"तो बरोबर आहे म्हणाला."

"आहे का?"

"आहे."

नगरपंचायतीत मुख्याधिकाऱ्यांनी मला चहा दिला. घोटाळा त्यांच्याही लक्षात आला होता. "शब्द दोन्हीकडे जातो खरा," ते म्हणाले. पण आदेश वरचा. त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार खाली नाही, अंमलबजावणीचा आहे. अर्थ न लावता अंमलबजावणी कशी करतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, आम्हाला सवय आहे. मी जिल्ह्याला अर्ज केला. साधा, सरळ: वारा समुद्रावरून गावाकडे येत असताना भट्टी पेटवू नये, असं स्पष्ट लिहावं. ताईने तो ऐकला आणि म्हणाली, "यात चुकीचं वाचण्यासारखं काही नाही ना?" मी म्हणालो, मला तरी दिसत नाही. त्या साहेबांची तोवर बदली झाली होती.

मग पावसाळा आला. पावसाळ्यात आमच्याकडे रात्रंदिवस पश्चिमेचाच वारा, त्यामुळे भट्टी पेटवायला आदेशानुसार कोणतीच वेळ वर्ज्य उरली नाही. ओला कचरा जळेना, नुसता धुमसत राहिला. एकदा हवा मोजणारी गाडी आली. आदल्या दिवशी तिची वर्दी आली होती, त्यामुळे त्या दिवशी भट्टीत माडाच्या कोरड्या झावळ्या जळत होत्या. झावळ्यांचा धूर आम्हाला लहानपणापासून ओळखीचा. ताई मुद्दाम बाहेर येऊन उभी राहिली. "रोज गाडी पाठवा म्हणावं," म्हणाली. त्यानंतर एसटी स्टँडवर एक दिव्यांचा फलक लागला. त्यावर गावाची हवा समाधानकारक असल्याचं लाल अक्षरांत फिरत असे. वीज गेली तर तेवढा वेळ हवेबद्दल काही सांगता येत नसे.

ताई उतरत गेली. आधी तिने संध्याकाळचा चहा सोडला, कारण माझ्या ओट्यापर्यंत येणं होईना. मग वाडीत जाणं कमी झालं. पाऊस सरल्यावर मी तिला सकाळी, मतलई असताना, चाकाच्या खुर्चीत बसवून पोफळींपर्यंत नेत असे. ती एकेका झाडाचं पान हातात धरून अंगठ्याने पुसायची. अंगठा काळा व्हायचा, तो ती पदराला न पुसता झाडाच्या बुंध्याला पुसायची. "याचं यालाच," म्हणायची. भाचा दर रविवारी फोन करायचा. "शुद्धिपत्रक येऊ दे," ती सांगायची. "ते आलं नाही तर येते." मुख्याधिकाऱ्यांनी मला खाजगीत सांगितलं होतं की शुद्धिपत्रक निघालं आहे, वाटेत आहे. ते मीच येऊन तिला सांगितलं होतं.

ते थंडीत आलं. मी प्रत घेतली आणि न वाचता घरी आणली, कारण ती ताईने आधी वाचावी असं मला वाटलं. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, आणि मोठ्याने वाचायला लागली. संदर्भ वाचला. विषय वाचला. मग सावकाश पुढचं.

"उपरोक्त आदेशातील 'पश्चीमेकडील' या शब्दाऐवजी 'पश्चिमेकडील' असे वाचावे. उर्वरित मजकूर कायम."

तिने कागद उलटून मागे पाहिलं. मागे कोरं होतं.

"वेलांटी," ती म्हणाली.

"हो."

"वेलांटी दुरुस्त केली."

मग ती हसायला लागली. लहानपणी शाळा तपासायला आलेले साहेब बाकावरून पडले होते तेव्हा ती अशी हसली होती, आवाज न करता, खांदे हलवत. मीही हसलो. हसता हसता तिला उबळ आली, आणि ती थांबेना. मी पाठ चोळली, पंप दिला, पाणी दिलं. तिने मला थांब म्हणून हात केला आणि तो हात बराच वेळ तसाच राहिला. मग श्वास जाग्यावर आला. या वेळी तिने वाक्य पुढे सुरू केलं नाही.

दिवे लागल्यावर ती म्हणाली, "पोराला फोन लाव. रविवारी गाडी घेऊन ये म्हणावं."

मी म्हणालो, "दुसरा अर्ज करता येईल."

"कर तू. तुझं अक्षर चांगलं आहे." ती भिंतीकडे वळली. "पोफळींना उन्हाळ्यात एक दिवस आड पाणी. आळ्यात, खोडावर नाही. तू खोडावर मारतोस."

रविवारी ती गेली. गाडीत बसताना तिने वाडीकडे पाहिलं नाही, मला नीट जेवत जा म्हणाली. भाच्याने काच वर केली. बाहेर मतलई होती, काच उघडी राहिली असती तरी चाललं असतं.

पनवेलला ती सातव्या मजल्यावर आहे. तिथलीही हवा काही फार वेगळी नाही असं भाचा म्हणतो, पण डॉक्टर जवळ आहेत. ती दुपारी फोन करते, धूर सुरू व्हायच्या सुमाराला. आधी विचारते, "वारा कुठचा?" मग बाकीचं. दुसरा अर्ज मी केला आहे. त्याची पोच आली. ती शुद्ध भाषेत आहे.

या वर्षी फाल्गुनात, कुंपणाजवळच्या एका पोफळीला पहिली पोय फुटली. झाड अजून लहान, त्यामुळे स्टुलावर चढलं की हात पोचत होता. मी तिथूनच ताईला फोन लावला.

"पोय आली," मी सांगितलं.

मागे कुणाच्या तरी घरातला मिक्सर चालू होता. "कुठच्या झाडाला?"

"पश्चिमेकडच्या."

"म्हणजे नक्की कुठच्या?" तिने विचारलं, आणि तिचे खांदे हलताहेत हे मला कळलं. मग खोकला आला. मी स्टुलावर उभा राहून तो संपायची वाट पाहिली.

"काळी पडलीय का?"

मी जवळून पाहिलं. कोवळ्या फिकट पेडांवर काजळीचे कण बसले होते. "थोडी," मी म्हणालो. "पुसतो."

"पुसू नकोस. कोवळी आहे, झडेल." मग नेहमीचं विचारलं. "वारा कुठचा आहे रे?"

सुरूंच्या पलीकडे बांबूवरचं लाल फडकं दिसत होतं. ते तेवढ्यात हललं, थोडं लोंबलं, आणि गावाच्या दिशेने ताठ झालं. मी स्टुलावरून खाली उतरलो आणि तिला सांगितलं.